चाळीतला गड

गिरगावच्या चाळींत दिवाळीचा किल्ला जिन्याखाली नाहीतर चौकाच्या कोपऱ्यात उभा राही. दगड, विटा, गोणपाट नि चिखल! उतारावर हळीव पेरले, की चारपाच दिवसांत गड हिरवा. माथ्यावर शिवाजीमहाराज, पायऱ्यांवर मातीचे मावळे. ते काही दरसाल नवे मिळत नसत. थोरल्याचे धाकट्याकडे येत. हात मोडलेला मावळा दरवाजावर पहाऱ्याला, कारण तो काकांच्या लहानपणचा!

आता कित्येक चाळी पडल्या. भावंडे दादर-लालबाग सोडून पांगली, मावळ्यांचीही वाटणी झाली. तरी भाऊबीजेला कुणाच्या तरी गॅलरीत डबे उघडतात आणि फौज पुन्हा एका गडावर चढते.

रायगड-प्रतापगडासह १२ किल्ले २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांची काळजी सरकारला; या मोडक्या मावळ्याची घरालाच.