मताची ठेव

क्रिकेटच्या कारभाऱ्यांची गोष्ट निघाली म्हणजे आम्हां नागपूरकरांची मान थोडी ताठ होते. येथील वकील शशांक मनोहर दोन वेळां भारतीय नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. मला मात्र विचार पडतो तो मताचा. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ‘एक राज्य, एक मत’ हें तत्त्व मान्य केलें. मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ या तीन संघटनांनीं एकच मत आळीपाळीनें वापरावें, असें ठरलें. २०१८ च्या ऑगस्टांत प्रत्येकीचें मत परत मिळालें. पण त्याच वर्षाच्या जानेवारींत विदर्भाच्या मुलांनीं इंदुरास पहिल्यांदाच रणजी करंडक जिंकला होता! कायमच्या मतावांचून करंडक आला. खेळाडूंवांचून नुसतें मत काय कामाचें? तें मत म्हणजे कारभाऱ्यांच्या हातीं दिलेली त्या मुलांची ठेव आहे, असें मी समजतों.