सांडव्यापलीकडचा जिताडा

जिताडा या माशाचं आयुष्य खाऱ्या आणि गोड्या पाण्यात वाटलेलं असतं. जन्म खाडीच्या मुखाशी. पावसाळ्यात पिल्लं भरतीबरोबर वर सरकतात. आमच्या पेण-अलिबागच्या खारेपाटात ती उघाडीच्या झडपेतून, बांधाला पडलेल्या खांडीतून भातखाचरांत शिरतात, आणि कुणीतरी ती उचलून घराजवळच्या तळ्यात सोडतं. तळ्यात लहानसहान मासे आणि कोलंबी खाऊन तो दांडगा होतो. पण तिथे त्याची वीण होत नाही; अंडी आणि पिल्लं जगायला खारं पाणीच लागतं. शिवाय हा मासा आधी नर असतो आणि पुरेसा मोठा झाला की मादी होतो. म्हणजे तळ्यातला सगळ्यांत थोर जिताडा बहुधा मादी असते, आणि समुद्राची सगळ्यांत जास्त गरज तिलाच असते. लहानपणी मोठा पाऊस लागला की तळ्याच्या ज्या कोपऱ्यातून पाणी बाहेर वाहायचं तिथे घरची माणसं जाळं बांधायची, कारण मोठे मासे नेमके तिथेच येऊन लागायचे. त्यांना ती वाट कोण सांगतं, याचं मला तेव्हापासून आश्चर्य आहे.

ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामंडी म्हणतात. क्वीन्सलँडमध्ये भाचीकडे गेले असताना मी ग्लॅडस्टनजवळचं, बॉइन नदीवरचं अवूंगा धरण पाहिलं. तिथल्या मत्स्यबीज केंद्रातली बोटुकली १९९०च्या दशकापासून या जलाशयात सोडली जात होती. त्या राज्यात अशा अनेक धरणांवर गळ टाकायचा तर परवाना घ्यावा लागतो, आणि त्या पैशातला मोठा वाटा पुन्हा बीज सोडण्यासाठीच जातो. मीटरभर लांबीची बारामंडी गळाला लागावी, तिनं पाण्याबाहेर उसळी घ्यावी, दोर ताणून धरताना हात भरून यावेत, यासाठी लांबलांबून लोक येतात. त्यांची ही ओढ मला खरी वाटते. वर्षानुवर्षं स्वतःच्या वेळेनं आणि पैशानं पाण्यात बीज सोडत राहणं ही सोपी गोष्ट नाही.

२००२मध्ये या धरणाची उंची वाढवली. त्यानंतर पुढची काही वर्षं ते भरून वाहिलं नाही. आत मासे वाढत राहिले. मग डिसेंबर २०१०मध्ये पाऊस असा लागला की सांडवा वाहू लागला, आणि त्या हंगामात सुमारे ३०,००० मोठ्या बारामंडी भिंतीवरून पलीकडे गेल्या, असा अंदाज आहे.

गळवाल्यांच्या हिशेबी हे नुकसान होतं, आणि ते होतंही. पण मी सांडव्याच्या माथ्याकडे पाहत होते तेव्हा माझ्या मनात माशाला समुद्राकडे खेचणारी ओढ होती. पाणी स्थिर असतं तोवर जलाशय म्हणजे मोठं तळंच. ते वाहू लागलं की माशाच्या अंगावरच्या संवेदी रेषेला प्रवाहाची दिशा कळते. भिंत किती उंच आहे हे त्याला कळत नाही. काँक्रीटच्या उतारावर खवले सोलवटतात, खाली पाण्याचा जोर मोडण्यासाठी बांधलेल्या ठोकळ्यांवर देह आपटतात. त्या खळाळात हवा इतकी मिसळते की माशाच्या रक्तात बुडबुडे धरू शकतात. जे वाचतात त्यांतले काही खाली, पूर ओसरल्यावर उरलेल्या डोहांत दाटीनं अडकतात. परतायला वाट नसते.

बाकीच्या वाचलेल्यांनी समुद्र गाठला, पण समुद्र त्यांच्यासाठी तयार नव्हता. खाडी जितके मोठे मासे पोसू शकते त्याच्या कितीतरी पट एकदम खाली उतरले. २०११मध्ये ग्लॅडस्टन बंदरात लालभडक कातडीचे, डोळे गढूळ झालेले मासे मिळू लागले. सप्टेंबरमध्ये तिथली मासेमारी काही काळ बंद ठेवावी लागली. धरणातून आलेल्या माशांची गर्दी आणि त्यांना पुरात सोसावा लागलेला ताण हे एक कारण सांगितलं गेलं. बंदरात चाललेल्या गाळउपशाकडे मच्छीमारांनी बोट दाखवलं. तो वाद मी सोडवू शकत नाही. मला एवढंच दिसतं की माणसानं पाण्यात सोडलेला जीव पुरानं त्याच्या हिशेबाबाहेर नेला, आणि बाहेरच्या हिशेबात त्याच्यासाठी जागा नव्हती.



त्या किनाऱ्याच्या नियमांत मात्र भिंतीचा विचार आहे, आणि तो वाचताना मी बराच वेळ अडखळले. पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हा बारामंडीच्या विणीचा काळ म्हणून तिची मासेमारी बंद असते. १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा ठेवता येत नाही, कारण तो बहुधा अंडी देणारी मादी असते. अवूंगासारख्या बीज सोडलेल्या धरणांत मात्र बंदी नाही, आणि मोठ्यांतला एक घरी नेता येतो. तिथे ती अंडी घालणारच नाही, असा त्यामागचा रास्त विचार. म्हणजे एकच मादी भिंतीच्या अलीकडे शिकार आणि पलीकडे आई. डिसेंबर २०१०मध्ये वरून कोसळलेल्या माद्या कायद्याच्या आश्रयाला जाऊन पडल्या. मधल्या आठवड्यांत अमावस्या-पौर्णिमेची उधाणं येऊन गेली, आणि हा मासा उधाणाच्याच सुमारास वितो. १ फेब्रुवारीला बंदी उठल्यावर त्या भागातल्या जाळ्यांना बारामंडी अशी लागली की बाजारात तिचे ढीग लागले. ते ढीग ज्यांनी पाहिले त्यांनी माशांची लांबी मोजली, वजन केलं. माझं लक्ष त्यांच्या पोटाकडे गेलं असतं. त्यातल्या किती जणींची अंडी आधीच खाडीत पडली होती, हे मला जाणून घ्यायचं होतं.