ते थांबतं कसं?

लेकीच्या बुटांवरून मी एका अनोळखी पोराशी भांडलो, ती गोष्ट आज लिहायची आहे. भांडणात चूक माझी होती. ते कळायला मला साडेचार तास लागले.

बूट दुबईहून आले. माझ्या धाकटीचा मामू तिथे नोकरीला आहे. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात तो सुट्टीवर आला, तेव्हा खजूर, अत्तर, दूध पावडर यांच्याबरोबर एक खोका निघाला. आत गुलाबी-करड्या रंगाचे बूट. वरून पाहिले तर साधे स्पोर्ट्स शूज. उलटे केले की टाचेत खाच आणि खाचेत एक जाड चाक. चवडे उचलून भार टाचांवर टाकला की माणूस घसरत पुढे जातो, चवडे टेकवले की पुन्हा चालायला लागतो. चाक काढायला एक छोटं हत्यार मिळतं. चाक काढून खाचेत रबरी बूच बसवलं की बूट नेहमीसारखे.

अम्मी तेव्हा दिवाणावर बसून तसबी फिरवत होती. तिने बूट हातात घेतला, अंगठ्याने चाक फिरवलं आणि विचारलं, "ये रुकता कैसा?"

म्हणजे, हे थांबतं कसं? आम्ही सगळे हसलो. मामू म्हणाला, "अहो खाला, पळवायला आणलंय, थांबवायला नाही." त्यावर अजून हसलो.

या बुटांची कहाणी मी नंतर शोधून वाचली. रॉजर अ‍ॅडम्स नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. लहानपण रोलर स्केटिंगच्या वातावरणात गेलेलं. 1998 च्या सुमारास कॅलिफोर्नियात समुद्रकाठी स्केटिंग करणारी मुलं पाहता पाहता त्यांच्या मनात आलं की चाक बुटाच्या आतच का नसावं. त्यांनी बुटाची टाच कापली आणि चाक बसवून पाहिलं. 2000 साली 'हीलीज' नावाने ते बूट बाजारात आले आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत तिकडच्या पोरांना त्यांचं वेड लागलं. आपल्याकडे आता ऑनलाइन स्वस्तातले प्रकारही मिळतात. त्यात बटण दाबलं की चाकं पोटात जातात, पुन्हा दाबलं की बाहेर येतात.

धाकटी नऊ वर्षांची आहे. चार दिवसांत ती शिकली. आमच्या मिरजेच्या मोहल्ल्यात चाक फिरेल असा रस्ता म्हणजे मशिदीसमोरचा सिमेंटचा पट्टा, तोही जेमतेम ऐंशी-नव्वद पावलांचा. त्याच्या पुढे गटाराची फरशी, मग खडी. असरनंतर रस्ता जरा मोकळा झाला की ती तेवढ्यात ये-जा करायची. फ्रॉक फुगलेला, हात दोन्ही बाजूंना, चेहऱ्यावर असं काही की मी दुकानात जायचं विसरून दारात उभा राहायचो.

बोलणारे बोललेच. पोरीची जात आहे, रस्त्यावर असं घसरत फिरणं बरं दिसतं का. एक म्हणाला, मास्तर, तुम्ही शिकलेले, तुम्हाला काय सांगायचं. मी त्यांना उत्तरं दिली. काहींना हसून, एकाला जरा जास्तच. माझी मोठी बहीण सायकल शिकली नाही, कारण सायकल शिकायच्या वयात तिला कोणीतरी "आता बस" म्हटलं. ते मला आठवतं. माझ्या लेकीला कोणी "बस" म्हणायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

बासी ईदला आम्ही दोन घरं मिळून टेम्पो ट्रॅव्हलर केली आणि एका थीम पार्कला गेलो. पार्कचं नाव लिहीत नाही. जे घडलं त्यात त्यांचा काही दोष नव्हता. सकाळी तिकिटाच्या रांगेतून पुढे सरकलो, पिशव्या तपासून झाल्या, आणि गेटवरच्या सिक्युरिटीच्या पोराची नजर धाकटीच्या पायांकडे गेली. फार तर बावीस वर्षांचा असेल.

"काका, चाकं काढावी लागतील. नाहीतर बूट लॉकरला ठेवा."

मी विचारलं, "का?"

"आत चाकाचे बूट चालत नाहीत."

आणि मी, पंधरा वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस, त्याला म्हणालो, "मुलगी आहे म्हणून?"

त्या पोराला काही कळेना. तो माझ्याकडे पाहत राहिला. मागे रांग थांबलेली. "मुलगा असो की मुलगी, काका. स्केटबोर्ड पण नाही चालत." मी तरी दोन मिनिटं वाद घातला. नियम कुठे लिहिलाय, तिकिटावर का नाही, मॅनेजरला बोलवा, हे सगळं. बायकोने माझा दंड धरला, खाली बसून हत्याराने चाकं काढली, बुचं लावली आणि चाकं पर्समध्ये टाकली. आम्ही आत गेलो. तो पोरगा पुढच्या माणसाची पिशवी बघायला लागला.

हा नियम काही त्या एका पार्कने काढलेला नाही. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांतही स्केटबोर्ड, स्कूटर, इनलाइन स्केट्स आणि चाकं बसवलेले बूट आणायला मनाई आहे. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्या मनःस्थितीत मी डिस्नेशीही भांडलो असतो.

दुपारी बिर्याणीचे डबे संपले. अम्मी गुडघ्यांमुळे झाडाखालच्या बाकावर बसून राहिली. मोठी मुलं उंच पाळण्याच्या रांगेत गेली, आणि धाकटीची उंची त्या पाळण्याला दोन बोटं कमी भरली. ती रडली नाही. समोर पसरलेल्या त्या रुंद, गुळगुळीत रस्त्याकडे बघत उभी राहिली. आमच्या गल्लीसारखे दहा रस्ते मावतील एवढा तो रुंद होता.

"अब्बू, फक्त या झाडापासून त्या कारंजापर्यंत."

पर्समधून चाकं मी काढली, बसवलीही मीच. बायको वजूला गेली होती, हेही सांगून टाकतो.

सुरुवातीला सगळं छान चाललं. मग पाळण्यांची एक फेरी संपली आणि बाजूच्या फाटकातून शंभरेक माणसं एकदम रस्त्यावर आली. थीम पार्कातला माणूस रस्त्याने चालताना रस्ता बघत नाही. तो वर बघतो, कुणी किंचाळलं की मान वळवतो, फोटोसाठी मध्येच थांबतो, मुलाचा हात सोडून तिकीट शोधतो. पाण्याच्या खेळातून आलेले लोक ठिबकत चालतात, फरशी ओली होते. अधूनमधून पाणी जायची जाळी असते, व्हीलचेअरसाठी उतार असतो. चालणाऱ्याला उतार जाणवतही नाही, चाकाला लगेच जाणवतो.

धाकटी उतारावर होती. तीनेक वर्षांचा एक मुलगा, हातात कुल्फी, आजीचं बोट सोडून आडवा आला. मी "थांब" म्हणून ओरडलो. तिने टाच दाबली असणार, तिला तेवढंच शिकवलं होतं. टाच दाबून रबर जमिनीला घासलं की वेग कमी होतो. कमी होतो, थांबत नाही. तिचा गुडघा त्या मुलाच्या खांद्याला लागला. तो तोंडावर पडला, आणि ती मागे, तळहातावर.

मुलाचा ओठ फुटला होता. ओठातून रक्त किती येतं हे लेकरं वाढवलेल्यांना माहीत आहे. त्याच्या शर्टावर कुल्फी आणि रक्त. आजी नऊवारीतली, साठीच्या पुढची. तिने त्याला उचलून कडेवर घेतलं आणि पदर त्याच्या तोंडाला लावला.

गर्दी जमली. खरं लिहायचं तर त्या क्षणी मला पोरीच्या हाताआधी माझी टोपी आणि समोरून येणाऱ्या बायकोचा बुरखा आठवला. चारचौघांत आपल्याकडून चूक झाली की ती एका बापाची राहील की सगळ्या कौमेची होईल, हा हिशेब डोक्यात आपोआप सुरू होतो. हे वाचणाऱ्यांतल्या काहींना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

आजीने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "अहो, पोरीच्या पायाला चाकं लावून गर्दीत सोडता होय? डोकं फुटलं असतं लेकराचं!" एवढंच, पण चांगलं मोठ्या आवाजात. अम्मीने हेच शब्द वापरले असते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण आठवत होता तो गेटवरचा पोरगा, आणि त्याला मी काय विचारलं होतं ते.

पार्कच्या प्रथमोपचार खोलीत मुलाचा ओठ साफ केला, टाके लागले नाहीत. मी त्याच्या वडिलांना माझा नंबर दिला, त्यांचा घेतला. धाकटी कोपऱ्यात उभी होती, डावा हात पाण्याच्या बाटलीच्या पिशवीमागे. कोणी विचारलं तर "काही नाही झालं". ट्रॅव्हलर कराडच्या जवळ आली तेव्हा ती झोपेत कण्हली आणि बायकोने हात पाहिला. मनगट सुजून गोल झालं होतं.

मिरजेत एक बरं आहे, रात्री अकरालाही एक्स-रे निघतो. मनगटाच्या वर हाडाला चेप आली होती. मुलांची हाडं ओल्या फांदीसारखी असतात, तुटायच्या आधी वाकतात, असं डॉक्टरांनी समजावलं. चार आठवडे प्लास्टर.

"लपवलंस का?" मी विचारलं.

"तुम्ही त्या दादाशी भांडला होता ना. मग तो बरोबर होता असं झालं असतं."

त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर शोधत बसलो. डब्लिनच्या टेंपल स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2006 च्या उन्हाळी सुट्टीत दहा आठवडे नोंद ठेवली होती. असे बूट घालून पडलेली 67 मुलं त्यांच्याकडे आली. बहुतेकांना मार हाताला, मनगटाला, कोपराला. तो अभ्यास 2007 मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की हे बूट घालणाऱ्या मुलाने हेल्मेट, मनगटाचं संरक्षण, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड वापरावेत. मामूने आणलेल्या खोक्यातल्या कागदावरही हेच छापलेलं होतं. तो कागद आम्ही उघडला नव्हता.

बूट टाकून द्या, असं मला नातेवाइकांतल्या निम्म्यांनी सांगितलं. तसं मला वाटत नाही. पडणं हा तिच्या आणि माझ्यातला मामला आहे. ती पडेल, हात मोडेल, जुळेल, आणि मनगटाला पट्टा बांधून ती पुन्हा उभी राहणार असेल तर राहू दे. पण त्या तीन वर्षांच्या मुलाने तिच्या बुटांना होकार दिला नव्हता. त्याच्या आजीनेही नाही. तिकीट काढून आत आलेल्या प्रत्येकाने मनात एवढं धरलेलं असतं की बाजूचा माणूस चालतोय. चालणारा एका पावलात थांबतो. म्हणून थीम पार्कात चाकं नकोत, आणि "माझी मुलगी पटाईत आहे" हे त्यावर उत्तर होत नाही. ती पटाईतच होती.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. नऊ वर्षांच्या मुलीला मोकळा गुळगुळीत रस्ता आयुष्यात पहिल्यांदा दिसला, तो माणशी हजाराच्या वर तिकीट काढून. गावात तिच्यासाठी तेवढी जागा आपण कुठे ठेवली आहे?

त्या मुलाच्या वडिलांना मी तीन दिवस फोन केला. पहिल्या दिवशी ते म्हणाले, सूज आहे. दुसऱ्या दिवशी, जेवला. तिसऱ्या दिवशी, "बरा आहे तो. आता नका करू फोन." रागाने नव्हतं, पण मायेनेही नव्हतं. मी केला नाही. गेटवरच्या पोराचा नंबर माझ्याकडे नाही.

प्लास्टर जूनमध्ये निघालं. पावसाने उघडीप दिली तेव्हा एका रविवारी मी शाळेच्या शिपायाकडून किल्ली घेतली. आमच्या शाळेत सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान आहे, सकाळी तिथे कोणी नसतं. मनगटाला पट्टे, डोक्याला हेल्मेट. अम्मीलाही आणलं, ती स्वतःच येते म्हणाली. तिला खुर्ची टाकून दिली, थर्मासमधून चहा दिला.

धाकटी पलीकडच्या खांबापासून सुटली. मैदानाच्या मध्यावर ती आली तेव्हा अम्मीने काठी उचलली आणि ओरडली, "रुक!"

धाकटीने टाच दाबली. रबर घासल्याचा आवाज झाला, ती जरा डगमगली, आणि थांबली. अम्मी खुर्चीतून उठली, काठी टेकत जिथून आवाज दिला होता तिथे गेली, आणि तिथून धाकटीपर्यंत एक एक पाऊल टाकत मोजत आली.

"सात," ती म्हणाली. मग चहा संपवायला परत गेली.