पंच्याहत्तर ओहमची वायर

२००६ सालची गोष्ट. मी तेव्हा त्सुकुबात होतो. सांगलीहून बाबांनी एक सीडी पाठवली. आईच्या भजनांची जुनी कॅसेट चुलतभावाने कॉम्प्युटरवर उतरवून दिली होती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. रात्री ऐकायला बसलो, तर मधेच ‘टक्’! थोड्या वेळाने परत ‘टक्’!

मी पडलो इंजिनिअर. रडू यायच्या आधी दोष दिसला. सीडी प्लेअर आणि डीएसी यांच्यामधली वायर मी लॅबमधून आणलेली, ५० ओहमची. तिथे लागते ७५ ओहमची. जाड-बारीक दोन दोर गाठ मारून जोडा आणि झटका द्या. थोडी लाट गाठीवरून मागे फिरते. इथेही तेच. ५० आणि ७५च्या जोडावर सिग्नलचा पाचवा हिस्सा परत फिरतो. वायरमध्ये सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटीमीटर जातो, म्हणजे मीटरभर वायरीत जाऊन-येऊन १० नॅनोसेकंद. हा प्रतिध्वनी पल्सच्या कडेवर पडला की कड किंचित मागेपुढे सरकते. हाच जिटर. तबलजीचे बोल बरोबर, पण लय डळमळतेय, असं समजा.

सापडला चोर! शनिवारी त्सुकुबा एक्सप्रेसने ४५ मिनिटांत अकिहाबारा गाठलं, ७५ ओहमची वायर घेतली, घरी येऊन लावली. टक् तिथेच.

मग कागद घेऊन वेळा लिहिल्या. जुन्या आणि नव्या वायरीवर प्रत्येक ‘टक्’ अगदी त्याच सेकंदाला. वायरीतला प्रतिध्वनी भजनातली तीच जागा दर वेळी कशी शोधेल? शिवाय या जोडणीत सीडीच्या सिग्नलचा सर्वांत छोटा पल्स १७७ नॅनोसेकंदांचा. १० नॅनोसेकंदांचा प्रतिध्वनी एवढ्यावरून शून्याचा एक करत नाही. हे गणित अकिहाबाराला जायच्या आधी करायला काय झालं होतं?

म्हणजे दोष मूळ कॅसेटमध्येच. सॉफ्टवेअर घेऊन एकेक ‘टक्’ पुसायला बसलो. रविवारी बाबांना फोनवर अभिमानाने सांगितलं.

“अरे, ती तिची अंगठी,” बाबा म्हणाले. “भाता ओढताना पेटीच्या फळीला लागायची. काढून बस म्हणून कितीदा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ.”

मी पुसलेली प्रत त्याच रात्री डिलीट केली. मूळ सीडी अजून जपून आहे. वायरही आहे, वायर चांगली आहे हो, तिचा काही दोष नव्हता.