वाचणारं कुणीतरी हवं

आपल्या शाळांत लेखनाच्या तासाची वाट ठरलेली असते. फळ्यावर विषय येतो, त्याखाली चार-पाच मुद्दे येतात, मुलं ते मुद्दे जोडून निबंध लिहितात. वह्या टेबलावर जमतात आणि लाल सही होऊन परत जातात. 'मी पंतप्रधान झालो तर', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'पावसाळ्यातील एक दिवस'. या वाटेवर मुलाचं लिहिलेलं वाचणारं माणूस एकच, आणि त्यात काय असणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. मुलांना हे फार लवकर कळतं. ज्याला सगळं माहीत आहे त्याला आपण नवं काय सांगायचं? मग ती फळ्यावरचं वहीत उतरवून मोकळी होतात, आणि आपण म्हणतो, पोरांना लिहायचा कंटाळा आहे.

बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथी-पाचवीला शिकवते. वाचणारं कुणी मिळालं की हीच मुलं पाठपोट लिहून वर आणखी कागद मागतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. त्यामुळे लेखनाची तयारी करताना मी विषयाच्या आधी एक गोष्ट ठरवते: हे कोण वाचणार आहे?

सगळ्यात जवळचा वाचक म्हणजे शेजारी बसलेला मित्र. लिहून झालं की जोडीनं बसायचं आणि आपलं लिहिणं मोठ्यानं वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्यानं आधी 'मला काय दिसलं' ते सांगायचं, मग एकच प्रश्न विचारायचा. चुका काढायच्या नाहीत, 'छान' म्हणायचं नाही. एका मुलीनं लिहिलं होतं, 'आमची शेळी व्याली. दोन पिल्लं झाली.' एवढंच. मैत्रिणीनं विचारलं, "रातच्याला व्याली का दिवसा? तू कुठं होतीस?" त्या प्रश्नातून पानभर मजकूर आला. लाइट गेलेली, आजीनं मोबाइलचा उजेड धरायला सांगितलेला, दुसरं पिल्लू हलत नव्हतं म्हणून आजीनं ते गोणपाटानं खसाखसा पुसलेलं. 'अधिक विस्ताराने लिहा' हा शेरा मी दहा वेळा दिला असता तरी हे आलं नसतं. विस्तार म्हणजे काय ते मुलांना व्याख्येतून कळत नाही. समोरच्याला काय माहीत नाही, हे त्याच्या प्रश्नातून कळलं की ते आपोआप उमगतं.

ज्यांचं अक्षर अजून जुळत नाही त्यांनाही जोडीचा आधार होतो. ते सांगतात, जोडीदार लिहून घेतो. सांगणाऱ्याला आपलं बोलणं कागदावर उमटताना दिसतं आणि थोड्या दिवसांनी तो म्हणतो, "आण इकडं, माझं मीच लिहितो." पहिल्या खर्ड्यात घरची बोली जशीच्या तशी येऊ द्यायची, हा माझा नियम आहे. 'व्हतं', 'म्या', 'कामून' हे शब्द अडवले की त्यांच्यामागची गोष्टही अडते. पक्की प्रत करताना निवेदन प्रमाण मराठीत आणायचं, पण माणसांच्या तोंडची वाक्यं त्यांच्या बोलीतच ठेवायची. कुठं काय शोभतं, यावर मुलं किती बारकाईनं वाद घालतात!

सगळ्या वर्गानं मिळून एकच लेख लिहायची पद्धत मी बार्बियानाकडून घेतली. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातली ती छोटी वस्ती. डॉन लोरेन्झो मिलानी नावाच्या पाद्रीनं तिथं शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. त्यातल्या आठ मुलांनी मिळून, आपल्यासारख्यांना नापास करून बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेला उद्देशून 'एका शिक्षिकेस पत्र' हे पुस्तक लिहिलं. ते 1967 साली प्रसिद्ध झालं. त्यांची रीत साधी होती. सुचलेली प्रत्येक गोष्ट वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, सारख्या असतील त्या काढून टाकायच्या, उरलेल्यांचे गठ्ठे करायचे. गठ्ठा म्हणजे प्रकरण. मग एकेक वाक्य सगळ्यांनी मिळून छाटायचं.

आम्ही हे गावच्या आठवडी बाजारावर केलं. वर्गभर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. बांगड्यांचं दुकान, भजी, मापात मारणारा भाजीवाला, बैल विकून परत निघालेले आजोबा. भज्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यात जास्त निघाल्या, त्यांतली कोणती ठेवायची यावर बराच वेळ भांडण झालं. शेवटी ज्या चिठ्ठीत कढईचा आवाज होता ती राहिली. परिच्छेद म्हणजे काय, तो का पाडायचा, हे त्या दिवशी मी शिकवलंच नाही. गठ्ठे लावता लावता ते मुलांच्या हाताला कळलं. बैलवाल्या आजोबांची चिठ्ठी मात्र कुठल्याच गठ्ठ्यात बसेना. एक मुलगा म्हणाला, "हिला सगळ्यात शेवटी ठेवू. बाजार उठल्यावर." तसंच केलं.

लिहिलेलं वर्गाबाहेर जायला लागलं की लिहिणाऱ्यावर जबाबदारी येते. फ्रान्समधल्या सेलेस्टाँ फ्रेने या शिक्षकानं हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला इजा झाली होती, वर्गात फार वेळ बोलणं जमत नसे. 1924 च्या सुमारास त्यानं वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपल्या मजकुरातून निवड करत, स्वतः खिळे जुळवत, छापत, आणि छापलेली पानं दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवत. आपल्याकडे त्याच वर्षी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आलेल्या साने गुरुजींनी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाती लिहून चालवलं. यंत्र असो वा बोरू, आपल्या जगण्याची बातमी होऊ शकते हे दोघांनीही मुलांना दाखवलं.

आमचं भित्तिपत्रक जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर निघतं. ते रस्त्याकडच्या भिंतीवर लावतो, मुलांच्या उंचीला, आणि प्रत्येक मजकुराखाली वाचणाऱ्याच्या अभिप्रायाला जागा मोकळी सोडतो. दळण घेऊन जाणाऱ्या बाया थांबतात, मुलांकडून वाचून घेतात. एकदा जत्रेच्या बातमीखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, 'छबिना रात्री निघतो, सकाळी नाही.' मुलांचं संपादक मंडळ तडक पुजाऱ्याकडे गेलं, विचारून आलं आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापली. तेव्हापासून 'हे कुणाला विचारलंस?' हा प्रश्न मी विचारायची गरज पडत नाही. मुलं एकमेकांना विचारतात.

शुद्धलेखनाचंही असंच. खर्ड्यावर मी लाल पेन चालवत नाही. मजकूर भिंतीवर जायचा असला की आदल्या दिवशी मुलं स्वतःच गटात बसून ऱ्हस्व-दीर्घ तपासतात, शब्दकोश मागून घेतात. नियम तेच असतात, पण आता त्यांना कारण मिळालेलं असतं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटतात ती पत्रं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या गावातली निम्मी घरं बंद होतात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ते उन्हाळ्यापर्यंत. काही मुलं आईबापांबरोबर जातात. काही आजी-आजोबांजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. पाठ्यपुस्तकी पत्रलेखनात मुलं 'तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार' लिहून अडून बसायची. खरं पत्र लिहायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "आईला वाचता येत नाही, मग?" उत्तरही मुलांनीच काढलं: टोळीत ज्याला वाचता येतं त्याच्या फोनवर पत्राचा फोटो पाठवायचा, तो कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, सगळ्यांना वाचून दाखवेल. म्हणजे अक्षर त्याला लागलं पाहिजे. आणि सगळ्यांसमोर वाचलं जाणार, म्हणजे काय लिहायचं आणि काय पोटात ठेवायचं याचाही विचार आला. सुंदर हस्ताक्षर स्पर्धेतून आला नसता तेवढा टापटीपपणा त्या कागदांवर आला.

उत्तरं आवाजात येतात. मुलं फोन कानाशी धरून ती ऐकतात, थांबवतात, पुन्हा ऐकतात आणि शब्दाला शब्द उतरवून घेतात. इतकं लक्ष देऊन केलेलं श्रुतलेखन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. फडावर गेलेली मुलंही लिहितात: पहाटेची थंडी, उसाच्या पात्यानं कापलेले हात, साखर कारखान्याचा भोंगा, बैलांना टाकलेले वाढे. इथं राहिलेली मुलं त्यांना वर्गातल्या बातम्या कळवतात, झालेल्या धड्यांची गोष्ट सांगतात. हंगाम संपवून मुलं परततात तेव्हा वर्गाशी त्यांचा धागा तुटलेला नसतो, बाकावर ती पाहुण्यासारखी बसत नाहीत.

यासाठी वेगळा निधी लागत नाही, वेगळं प्रशिक्षणही नाही. आठवड्याचे दोन तास, पाठकोरे कागद आणि मुलांच्या बोलण्याला मध्येच न तोडण्याची शिक्षकाची तयारी एवढं पुरतं. गोंगाट होतो, तो होऊ द्यावा. त्यात वाक्यं घडत असतात. परीक्षेतला निबंधही त्यामुळे सुधारतो, पण मी हे त्यासाठी करत नाही. ज्या घरांची नोंद आजवर मुकादमाच्या वहीत, उचलीच्या आकड्यापुरतीच होत आली, त्या घरांतली ही मुलं आहेत. आपलं जगणं आपल्या शब्दांत मांडायचं, ते दुसऱ्यानं मन लावून वाचायचं आणि त्याला उत्तर द्यायचं, हा अनुभव त्यांना चौथी-पाचवीत मिळायला हवा. तो मिळालेलं मूल पुढे ग्रामसभेत अर्ज लिहील, हिशेब मागेल, वर्तमानपत्राला पत्र धाडेल. आपल्या लिहिण्याला उत्तर येतं, हे त्याला माहीत असेल.