जोतिबाच्या डोंगरावरचं ‘चांगभलं’

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १७ किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात जोतिबाचे ठाणे आहे. गावाचे नाव वाडी रत्नागिरी. पण भोवतालच्या खेड्यांत नुसते ‘डोंगर’ म्हटले तरी पुरते. उंची तीन हजार फुटांच्या वर. केदारनाथाचे आजचे देऊळ राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधले. शेजारचे केदारेश्वराचे देऊळ दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये.

चैत्री पौर्णिमेला इथली मोठी यात्रा. रब्बीचे धान्य घरात आलेले असते, खरिपाला अजून सवड असते. गावोगावच्या उंच सासनकाठ्या डोंगर चढतात. काठी बांबूची, वारा लागला की झुकते. चहूबाजूंनी दोर ताणून धरावे लागतात, तेव्हा कुठे ती तोलात नाचते. उचलण्याआधी एकजण हाक देतो, “जोतिबाच्या नावानं...” आणि शेकडो तोंडांतून उमटते, “चांगभलं!” गुलाल-खोबरे उधळते. दवण्याच्या वासाने वाट भरते.

या शब्दाचा अर्थ काय? ‘चांग’ म्हणजे चांगले. प्राकृतातल्या ‘चंग’चे हे रूप. ‘भले’ आले संस्कृत ‘भद्र’पासून. बाजारहाट, कामधंदा म्हणतो तशी एकाच अर्थाची ही जोडी. म्हणजे चांगले होवो, भले होवो. मात्र कुणाचे, ते शब्दात नाही. ‘माझे’ नाही, ‘आमच्या भावकीचे’ही नाही. एरवी आशीर्वाद वडीलधाऱ्याने द्यावा नि धाकट्याने घ्यावा. इथे हाक एकाची, आशीर्वाद सगळ्यांचा आणि सगळ्यांना. एकट्याने तो पुरा होत नाही.

म्हणूनच तो डोंगरावर थांबला नाही. बिरोबाच्या, काळभैरवाच्या नावानेही चांगभलं होते. पेरणीची पहिली मूठ सोडताना, चिखलात रुतलेल्या गाडीला खांदा देताना हाच शब्द ओठांवर येतो. ज्या कामाला चार हात लागतात, तिथला हा शब्द.

पण वाचकहो, डोंगरावर घसा कोरडा होईतो चांगभलं म्हणायचे आणि घरी परतल्यावर भावाचा बांध कोरायचा, हेही आपल्याकडे घडते. सासनकाठीचा एक दोर सैल सुटला तर काठी कलते, गावाचेही तसेच. यंदा यात्रेला जाल तेव्हा गुलाल जरूर लावा, पण दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, तेही पाहा. त्याच्याशी अबोला असेल, तर ‘चांगभलं’ त्याच्याकडे तोंड करून म्हणा.