विजेरीच्या नळीविषयी चि. मुकुंदास



खिशात मावणारी विजेरी घरच्या लहान लेथवर घडवायची असेल, तर तिच्या आराखड्याची सुरुवात उष्णतेच्या हिशेबापासून करावी, हे तुझ्यासारख्या नव्याने हात घालणाऱ्याला आधीच सांगून ठेवणे इष्ट वाटते. एलईडी काटकसरी दिवा म्हणून ओळखला जातो आणि तारेच्या बल्बशी तुलना करता ते खरेही आहे. तरीसुद्धा त्याला दिलेल्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग सहसा उष्णतेतच जातो. तारेचा बल्ब आपली बरीचशी उष्णता किरणांच्या रूपाने समोर फेकतो, एलईडीला ते जमत नाही; त्याची उष्णता त्याच्या बुडातून, म्हणजे ज्या धातूवर तो बसवलेला असतो त्या धातूतूनच बाहेर पडावी लागते. त्यामुळे विजेरीची नळी सेल सांभाळते, उष्णता वाहून नेते आणि बहुतेक रचनांत सेलच्या ऋण टोकाकडचा विद्युत्प्रवाहही तिच्यातूनच जातो.

धातूची निवड येथेच ठरते. उष्णतावाहकता, म्हणजे पदार्थ स्वतःतून उष्णता किती सहज पुढे जाऊ देतो याचे माप, ६०६१ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूत सुमारे १६७ वॅट प्रति मीटर-केल्विन असते, तर टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूत जेमतेम ७. बाहेरून २५ आणि आतून १९ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून २ वॅट उष्णता ३० मिलिमीटर पुढे न्यायची असेल, तर अ‍ॅल्युमिनियमच्या दोन टोकांत २ अंशांहूनही कमी फरक पुरतो. तीच नळी टायटॅनियमची असेल तर तो फरक ४० अंशांच्या घरात जातो, आणि तेवढ्याने दिवा अधिक तापून मंदावतो व त्याचे आयुष्य घटते. टायटॅनियम देखणे आहे, गंजत नाही, पण पहिल्या विजेरीसाठी त्याचा मोह टाळावा. तांबे उष्णतेला उत्तम. मात्र त्याचे वजन अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक असल्याने खिशातल्या वस्तूला ते सोसत नाही.

विजेरीच्या इतिहासातही यंत्रकाम करणाऱ्याचे स्थान मोठे आहे. डेव्हिड मायझेल यांना १८९९ साली अमेरिकेत जिचे पेटंट मिळाले त्या विजेरीची नळी कागद आणि फायबरची होती. पुढे अँथनी मॅग्लिका या क्रोएशियात वाढलेल्या कारागिराने १९५५ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका गॅरेजात लेथ मांडून सुट्या भागांची कामे सुरू केली आणि १९७९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची मॅगलाइट बाजारात आणली. तिचा लौकिक भक्कम नळीवर उभा राहिला, आणि घरी लेथ चालवणाऱ्याला यात उमेद वाटावी असे पुष्कळ आहे.

मापे सेलपासून सुरू होतात. १८६५० हा लिथियम-आयन सेल नावाप्रमाणे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. परंतु संरक्षक सर्किट जोडलेला सेल याहून थोडा जाड आणि काही मिलिमीटर लांब भरतो, आणि घरच्या कामात तोच वापरावा, म्हणून आतला बोअर १९ मिलिमीटर धरणे शहाणपणाचे. नळीच्या टोकावर बाहेरून २२ मिलिमीटर व्यासाचे, १ मिलिमीटर पिचचे आटे पाडले, तर आट्यांच्या तळाशी व्यास सुमारे २०.८ उरतो आणि नळीची भिंत फक्त ०.९ मिलिमीटर राहते. अशी भिंत चकच्या तीन जबड्यांत आवळली की ती तीन ठिकाणी दबते, बोअर त्या दबलेल्या अवस्थेत गोल कापला जातो, आणि जबडे सैल करताच तो तिकोनी होतो. याला उपाय असा की बोअर आधी भरीव जाडीत पूर्ण करावा, आटे शेवटी पाडावेत, आणि नंतर नळी धरायचीच झाली तर उभी चीर दिलेल्या बुशमध्ये धरावी.

सर्वांत विचार मागणारा भाग म्हणजे डोके. एलईडी ज्या चकतीवर बसतो ती वेगळी करून आत दाबून बसवण्याची पद्धत सोपी आहे, पण त्या सांध्यात राहणारी हवेची फट उष्णता अडवते, कारण हवेची वाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या हजारो पटींनी कमी असते. म्हणून डोके एकाच सळईतून दोन्ही बाजूंनी पोखरावे आणि मध्ये ४ मिलिमीटरचा पडदा राखावा. अडचण अशी की काम उलटवून धरले की दोन बाजूंचे केंद्र जुळत नाही. त्यासाठी आधी डोक्याचे आतले आटे पूर्ण करावेत, मग चकमध्ये एक वाया गेलेला तुकडा धरून त्यावर जुळणारे बाहेरचे आटे पाडावेत आणि तो तुकडा चकमधून न काढता डोके त्यावरच फिरवून बसवावे. मग समोरची बाजू आटे आणि टेकणाऱ्या कडेशी आपोआप एककेंद्री कापली जाते. आतले आटे पडद्यापाशी संपत असल्याने टूल आदळण्याचे भय असते. तेथे टूलला विसावा मिळेल अशी खाच आधी घ्यावी आणि मोटर बंद ठेवून, स्पिंडलच्या मागच्या टोकाला दांडा लावून, लेथ हाताने फिरवावा. अ‍ॅल्युमिनियम टूलच्या धारेला चिकटते आणि आटे खरवडल्यासारखे निघतात, तेव्हा धार तीक्ष्ण व गुळगुळीत ठेवून थोडे रॉकेल सोडत राहावे. नळीचे आटे पाडताना तयार डोकेच गेज म्हणून लावून पाहावे.

पाणी आत शिरू नये म्हणून आट्यांशेजारी ओ-रिंगची खाच लागते. १.५ मिलिमीटर जाडीची रिंग साधारण पाचव्या हिश्शाने दबेल इतकीच खोली द्यावी आणि रुंदी मात्र रिंगपेक्षा जास्त ठेवावी, कारण दबलेले रबर बाजूला पसरते. सह्याद्रीतल्या पावसात ही खाचच उपयोगी पडते.

प्रकाशझोताबद्दल थोडेच सांगायचे आहे. झोताचा पल्ला म्हणजे जेथे प्रकाश ०.२५ लक्सवर, जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो ते अंतर. ते कँडेलातील तीव्रतेच्या वर्गमुळाच्या दुप्पट मीटर भरते, म्हणजे तीव्रता चौपट केली तरी पल्ला दुप्पटच वाढतो. पायवाटेवर चालणाऱ्याला पसरट झोत अधिक उपयोगाचा.

शेवटी अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे गंधकाम्लात वीज सोडून धातूवर ऑक्साइडचा कठीण थर वाढवणे. आम्ल घरात हाताळण्यापेक्षा हे काम औद्योगिक वसाहतीत जॉबवर्कला द्यावे. २० मायक्रॉन थराचा सुमारे निम्मा भाग मूळ पृष्ठभागाबाहेर वाढतो आणि ६० अंशांच्या आट्यांवर त्याचा परिणाम चौपट होतो. नर आणि मादी दोन्ही आटे मिळून सुमारे ०.०८ मिलिमीटर ढिलाई नाहीशी होते, म्हणून तेवढी आधीच राखून ठेवावी. हा थर विद्युतरोधक असल्यामुळे नळीची टोके व त्यांना टेकणाऱ्या कडा नंतर हलका कट घेऊन उघड्या कराव्यात, आटे मात्र झाकलेलेच राहू द्यावेत. मग शेपटीचे टोपण पाव फेरा सैल केले की प्रवाह तुटतो आणि पिशवीत बटण दाबले गेले तरी विजेरी पेटत नाही.

नळी आणि डोक्याचे मापांसह रेखाचित्र सोबत जोडले आहे. लेथवर हातमोजे घालू नयेत.



काका